पेडल दाबलं, पण गाडी ऐकेना!

मित्रांनो, आय.सी. इंजिन्सच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. बाहेरून आलेले सर अगदी सहज विचारतात, "डिझेल इंजिनात थ्रॉटल कुठे असतो?" आणि आपल्यातले निम्मे जण बटरफ्लाय व्हॉल्व्हची आकृती काढायला लागतात. सर मान हलवतात, पुढचा रोल नंबर बोलावतात आणि आपण बाहेर येऊन म्हणतो, "प्रश्नच चुकीचा होता यार!"

प्रश्न चुकीचा नाही, फसवा आहे. पेट्रोल इंजिनात पाय दाबला की हवेचा दरवाजा उघडतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या बहुतेक डिझेल इंजिनांत हवेला दरवाजाच नसतो. हवा जेवढी मावेल तेवढी आत जाते. पाय दाबल्यावर बदलतं ते फक्त डिझेलचं प्रमाण. (नव्या डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर झडप असते, पण तिचं मुख्य काम धुराच्या नियमांसाठी आहे, वेगासाठी नाही.) म्हणून डिझेल गाडी "पिकअप घेत नाही", "पायाला ऐकत नाही" अशी तक्रार आली, की पहिला प्रश्न थ्रॉटलचा नसून हा असतो: डिझेल मागितलं तेवढं सिलिंडरपर्यंत पोचलं का? आणि नसेल, तर वाटेत कुणी अडवलं?

ही वाट एकदा नजरेसमोर आणू. टाकीत तळाशी एक नळी, तिच्या तोंडाला जाळी. तिथून लाइन फीड पंपापर्यंत. फीड पंप इंजेक्शन पंपाच्या अंगालाच चिकटलेला असतो आणि त्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. फीड पंपातून फिल्टर, फिल्टरमधून इंजेक्शन पंप, तिथून पोलादी नळ्यांनी इंजेक्टर. जास्तीचं डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत. इंजेक्शन पंपाच्या आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि त्यावर तिरकी खाच. रॅक नावाची दांडी सरकली की प्लंजर स्वतःभोवती फिरतो आणि त्या तिरक्या खाचेमुळे कमी-जास्त डिझेल ढकललं जातं. रॅकवर नजर ठेवायला गव्हर्नर. म्हणजे आपलं पेडल हा नुसता अर्ज, मंजुरी गव्हर्नरची! बॉश कंपनीने हा पंप १९२७ साली कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे तो १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या 'मोटर इंडस्ट्रीज कंपनी'मुळे घरोघरी पोचला. ती कंपनी म्हणजेच 'मायको'. तिचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी जुने मिस्त्री अजून "मायकोचा पंप"च म्हणतात आणि नाशिकला मायको सर्कल आहेच.

आता थोडा हिशोब करू, कारण याशिवाय पुढचं पटणार नाही. समजा चार सिलिंडरची व्हॅन ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे तासाला ५ लिटर. इंजिन २५०० फेऱ्यांवर असेल तर फोर-स्ट्रोकच्या नियमाने मिनिटाला ५००० आणि तासाला ३ लाख वेळा डिझेल फवारलं जातं. ५ लिटर म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. भागाकार करा. एका फवाऱ्याला जेमतेम १७ घन मिलिमीटर! पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका थेंबाचे तीन वाटे केले तर त्यातला एक वाटा. आणि मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे २ मिलिमीटर व्यासाचा हवेचा बुडबुडा ४ घन मिलिमीटरचा भरतो. तो प्लंजरसमोर आला की प्लंजर आधी त्याला दाबून चिरडणार. इंजेक्टर शंभराहून जास्त बारला उघडतो, तोपर्यंत फवाऱ्याचा चौथा हिस्सा बुडबुड्यानेच खाल्लेला असतो. डिझेल गाडीत हवा शिरली की ती अशी रडते ती उगाच नाही.

हे सगळं पुस्तकात आहे. पण मला ते खऱ्या अर्थाने समजलं ते मामांच्या गाडीमुळे.

मामा भोकरदन तालुक्यातले. त्यांच्याकडे १३ आसनांची, बीएस-तीन काळातली डिझेल व्हॅन आहे. पंप मेकॅनिकल, पेडलपासून पंपापर्यंत साधी केबल, टर्बो नाही. सकाळी शाळेची मुलं, दुपारी भाडं मिळेल तसं आणि अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या फेऱ्या. गाडीवर कर्ज होतं, त्यामुळे चाक थांबलं की हप्ता थांबला. मागच्या वर्षी गाडीने एक विचित्र खोड धरली. वीस-पंचवीस मिनिटं झकास चालायची आणि मग चढाला किंवा ओव्हरटेकला पेडल तळाला टेकवलं तरी ढिम्म. एकदा कडब्याची ट्रॉली ओलांडताना अर्ध्यावर असा दम गेला, समोरून ट्रक. मामांनी कशीबशी गाडी मागे घेतली. आत अकरा मुलं होती. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली आणि शाळेने आठ दिवसांची मुदत दिली: गाडी नीट करा, नाहीतर दुसरी गाडी बघतो.

फिल्टर दोनदा बदलून झाले होते. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "पंप गेला. उतरवून बेंचवर लावावा लागेल." खर्च वीस हजारांच्या पुढे. मामांनी मला फोन केला, "काय इंजिनेरसाहेब, तुमच्या पुस्तकात काय म्हणतंय?" मी म्हटलं, मामा, पुस्तकात पंप आहे, तुमची गाडी नाही. दोघं मिळून गाडी जालन्याला, अंबड चौफुलीजवळच्या एका जुन्या उस्तादांकडे नेली. उस्तादांचं वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी, आणि मॅटाडोरच्या जमान्यापासून हात काळे.

उस्तादांनी अर्धा तास पाना हातात घेतला नाही. मामांना समोर बसवून नुसते प्रश्न. "किती वेळानं होतं? रिकाम्या गाडीत होतं का भरल्या? धूर कुठला? न्यूट्रलला रेस केली तर चढते का? थांबल्यावर परत येते का?" मामा म्हणाले, धूर काही नाही, आयडलिंग एकदम शांत, आणि रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभी केली की पुन्हा नव्यासारखी.

मित्रांनो, या उत्तरांतच निम्मं निदान आहे, म्हणून इथे जरा थांबू.

धूर हा डिझेल इंजिनाचा एक्स-रे आहे. दम नाही आणि काळा धूर, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडते. अशा वेळी एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह बघायचा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचा तुसा आणि उन्हाळ्यात धूळ, त्यामुळे एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच कोंदतो. गरम इंजिनातून पांढरा, डोळे चुरचुरणारा धूर आला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा इंजेक्टरकडे बघायचं. आणि दम नाही, धूरही नाही? मग जळायला डिझेलच पोचत नाही. मामांची गाडी या तिसऱ्या गटातली.

आयडलिंग शांत का? कारण उभ्या गाडीला तासाला लिटरभरही डिझेल लागत नाही. वाट तीन चतुर्थांश बंद असली तरी तेवढं सहज जातं. चढावर मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि तेव्हा अडथळा जाणवतो. घरातल्या नळाला धार बारीक असली तरी तांब्या भरतो, पण बागेला पाणी द्यायला गेलं की कळतं, तसंच. आणि दहा मिनिटांत बरी होते, हा तर सगळ्यात मोठा पुरावा. झिजलेला प्लंजर दहा मिनिटं विश्रांती घेऊन भरून येत नाही! गरम पंपात पातळ झालेलं डिझेल झिजेतून निसटतं आणि गाडी ओढत नाही हे खरं, पण एवढा लोखंडाचा गोळा दहा मिनिटांत कितीसा थंड होणार?

उस्ताद एवढंच म्हणाले, "पंप शेवटी. आधी फुकटाची कामं करू."

पहिलं फुकटाचं काम म्हणजे केबल. इंजिन बंद, मी पेडल पूर्ण दाबून धरलं, उस्तादांनी पंपावरचा लिव्हर बघितला. तो फुल स्टॉपच्या स्क्रूला टेकतो का, एवढंच बघायचं. खूप गाड्यांत इथेच चोर सापडतो. केबल ताणलेली असते किंवा पायाखालचं रबरी मॅट गोळा होऊन पेडलखाली गेलेलं असतं. इथे लिव्हर व्यवस्थित टेकत होता. मग चारही चाकांचे ड्रम हाताने पाहिले. ब्रेक धरून राहिला तर हब भाजतो आणि दोष इंजिनावर जातो. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही. तिथे इंजिन ऐकतं, गाडी ऐकत नाही. आमच्या गाडीत आवाजच चढत नव्हता, म्हणून क्लच बाद.

दुसरं काम टाकीचं झाकण. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, त्यासाठी झाकणाला किंवा टाकीला श्वासाचं छिद्र असतं. ते बंद झालं की टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंप त्याच्याशी कुस्ती खेळत बसतो. छिद्र बुजवणारा कोण, तर धूळ, आणि गाडी महिनाभर उभी असेल तर कुंभारमाशी. ती आपलं मातीचं घर नेमकं अशाच भोकात बांधते. लक्षणं हुबेहूब मामांच्या गाडीसारखी: काही वेळाने दम जातो, थांबलं की परत येतो. तपासणी सोपी. दम गेला त्या क्षणी झाकण उघडायचं. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर निदान झालं. आम्ही गाडी रिकामी घेऊन भोकरदन रस्त्याला लागलो. राजूरकडच्या चढाला दम गेला, मी उतरून झाकण उघडलं. फुस्स नाही. झाकण सैल ठेवूनही गाडी तशीच.

आता तिसरं, ज्यासाठी हा लेख लिहिला: डब्याची चाचणी. टाकीकडून येणारी लाइन फीड पंपाच्या तोंडाशी काढायची आणि तिथे स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या डब्यातून आलेली नळी जोडायची. परतीची नळीसुद्धा डब्यातच सोडायची, नाहीतर परतीचं डिझेल टाकीत जाऊन पाच लिटरचा डबा बघता बघता रिकामा होतो. डबा पत्र्याचा, घट्ट बांधलेला, सायलेन्सरपासून लांब. गाडीत एकही प्रवासी नाही, विडी-सिगारेट नाही, आग विझवायचं सिलिंडर जवळ. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध असल्याने डबा क्लीनरच्या जागी बसवता आला.

या चाचणीची गंमत बघा. आपले कॉम्प्युटरवाले मित्र बायनरी सर्च म्हणून जे शिकतात तेच हे आहे. पूर्ण वाटेच्या मधोमध कापलं. डब्यावर गाडी नीट चालली तर फीड पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळे निर्दोष, चोर टाकी आणि लाइनमध्ये. डब्यावरही रडली तर टाकी निर्दोष. एका चाचणीत अर्धे संशयित घरी!

गाडी त्या चढावर तीन वेळा नेली. एकदाही पाय खाली गेला आणि दम आला नाही असं झालं नाही. वीस हजारांचा पंप सुटला. मामा काही बोलले नाहीत, फक्त परत येताना रस्त्यात रसवंतीवर गाडी थांबवली.

राहिली टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट. इथे दोनच शक्यता: हवा आत शिरते किंवा काहीतरी अडतं. लक्षात ठेवा, हा भाग ओढीचा आहे, दाबाचा नाही. फिल्टरनंतर कुठे गळलं तर डिझेल बाहेर ठिपकतं, डोळ्यांना दिसतं. पण ओढीच्या भागात भेग असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन चालू असताना बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत! त्यामुळे "कुठे गळत नाही" हे उत्तर इथे निरुपयोगी आहे. हवेची खूण वेगळी असते. सकाळी स्टार्टिंगला त्रास, प्रायमर मारावा लागतो, कारण रात्रभरात डिझेल मागे उतरतं. मामांची गाडी सकाळी अर्ध्या सेल्फला चालू व्हायची.

खात्रीसाठी उस्तादांनी लाइनमध्ये हातभर पारदर्शक मऊ नळी जोडली. बुडबुड्यांची माळ दिसली आणि नळी गोल राहिली तर हवा. नळीच चपटी व्हायला लागली तर मागे अडथळा. चढावर दम गेला तेव्हा मी टॉर्च धरून बघत होतो. नळी हळूहळू आत ओढली जात होती, उन्हाळ्यात कोमेजलेल्या भेंडीसारखी. अडथळा टाकीत.

झाकण उघडून लाइनमधून उलटी हवा मारली, टाकीत बुडबुड केलं. गाडी दोन दिवस उत्तम चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे अडथळा हलणारा. मग टाकी अर्धी रिकामी करून तळाची नळी बाहेर काढली. जाळीला हाताच्या पंजाएवढा कॅरीबॅगचा तुकडा मिठी मारून बसला होता!

तो आला कुठून? आपल्याकडे शेतातल्या इंजिनासाठी डिझेल कॅनने आणतात. कॅनचं झाकण पाझरू नये म्हणून त्याखाली पिशवीचा तुकडा लावायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. कधीतरी तोच कॅन व्हॅनमध्ये ओतताना तुकडाही आत गेला. आता कुणी म्हणेल, प्लास्टिक तर तरंगतं, ते तळाच्या जाळीपर्यंत गेलं कसं? पाण्यावर तरंगतं. पॉलिथिनची घनता साधारण ०.९२ ते ०.९५ आणि डिझेलची ०.८२ ते ०.८४५ च्या आसपास. डिझेलमध्ये कॅरीबॅग बुडते, पण फरक इतका थोडा की ती दगडासारखी पडून राहत नाही, प्रवाहाबरोबर हिंडते. इंजिन ओढायला लागलं की हळूहळू जाळीकडे सरकते, जितकी चिकटते तितकी ओढ वाढते, तितकी अजून घट्ट चिकटते. इंजिन बंद केलं की ओढ संपते आणि तुकडा सुटतो. वीस मिनिटं आणि दहा मिनिटं, दोन्हींचा हिशोब लागला. नवीन फिल्टर टाकून फरक का पडला नाही हेही कळलं. फिल्टर फीड पंपाच्या पुढे होता, रोग मागे.

उस्तादांची मजुरी, वॉशर आणि नळी धरून बिल हजाराच्या आत झालं. शाळेच्या मुदतीतले दोन दिवस शिल्लक होते.

आता नव्या गाड्यांविषयी, कारण आपल्यापैकी बहुतेकांना नोकरीत त्याच भेटणार. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-चार आणि एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं. या कॉमन रेल गाड्यांत पेडलला केबल नसते, सेन्सर असतात, आणि तेही दोन. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं ठेवलेलं असतं. ईसीयू सतत ताळा करतो. दोघांची साक्ष जुळली नाही की तो पेडलवर विश्वास ठेवत नाही आणि गाडी 'लिंप मोड'ला टाकतो. ब्रेक स्विच खराब होऊन "ब्रेक दाबलेला आहे" असं सांगत राहिला तरी काही गाड्या पेडलकडे दुर्लक्ष करतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. स्कॅनर लावला तर पी २१३८ हा कोड दोन पेडल सेन्सरांची साक्ष जुळत नसल्याचा आणि पी ००८७ रेलमध्ये दाब कमी असल्याचा. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी ००८७ आला म्हणून हाय प्रेशर पंप बदलणारे आहेत. टाकीत कॅरीबॅग असली तरी कोड तोच येऊ शकतो! स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब असे दोन आकडे चालत्या गाडीत शेजारी शेजारी बघायचे. चढावर दोघांत फट पडायला लागली की पुन्हा तोच प्रश्न: वाटेत कोण अडवतंय?

एक गोष्ट मात्र जुन्या पद्धतीने अजिबात करायची नाही. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला हे बघतात. कॉमन रेलमध्ये त्या नळीत १६०० बार किंवा जास्त दाब असू शकतो. तिथून निघालेली केसाएवढी धार कातडी फोडून आत जाते, वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. जुन्या गाडीतही इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. गळती शोधायची तर पुठ्ठा धरायचा. आणि अशी धार लागलीच, तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना, आणि डॉक्टरांना "डिझेल दाबाने आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं.

दुसऱ्या वर्षाच्या मित्रांसाठी एक सूचना: आपल्या लॅबच्या मागच्या कपाटात अर्धा कापलेला चार सिलिंडरचा पंप पडून आहे. त्याची रॅक हाताने सरकवली की प्लंजर फिरताना आणि खाच छिद्रासमोर येताना स्पष्ट दिसते. किल्ली लॅब असिस्टंट काकांकडे असते; सबमिशनच्या आठवड्यात मागू नका, एरवी ते आनंदाने देतात.